दुधाच्या दाढा आणि नामदेवकाकाजी

आमच्या गल्लीतली पोरं दोघांनाच भितात: मोकाट सांडाला आणि नामदेवकाकाजींना. काकाजींच्या बंडीच्या खिशात छोटी बॅटरी असते. पोरगं दिसलं की हुकूम सुटतो, "आ कर!" कुणाचा कोणता दात हलतो आहे, हे आईच्या आधी यांना ठाऊक. एकदा तर पंगतीत घास घेणाऱ्या नवरदेवाच्याच तोंडात त्यांनी बॅटरी मारली. "अक्कलदाढ वाकडी निंगून राह्यली बावा. काढशीन तं सुन्न करूनच काढजो."

'सुन्न करूनच' हे त्यांचं पालुपद. काटा काढायचा असो की कान टोचायचे, काकाजी हजर. "दुखाले नाई पायजे!" सारी नोकरी तेल्हाऱ्याला मास्तरकीत गेली. आता अकोल्यात आमच्या शेजारी एकटेच राहतात. मुलगी सुषी अमरावतीला. सणाला येते, फराळाचे डबे भरून ठेवते आणि संध्याकाळच्या गाडीने परत जाते.

आमच्या पाच वर्षांच्या मिठीच्या चार दाढा किडल्या. दुधाची बाटली तोंडात घेऊन झोपायची, चूक माझीच. दातांच्या डॉक्टर म्हणाल्या, पू झालाय, पडायची वाट पाहता येणार नाही. एक तर खुर्चीतच हिरडी सुन्न करणारी सुई देऊन दोन खेपांत काढू, नाही तर पूर्ण भूल देऊन एकदाच. पूर्ण भुलीचं नाव ऐकूनच मी घाबरले. सासूबाई म्हणाल्या, "दुधाच्याच तं हायेत! धरून बसा, दोन मिनिटाचं काम." मी सुई निवडली.

काकाजी न बोलावताच सोबत आले. मिठीने सुई पाहिली आणि किंचाळत खुर्चीतून उठली. मदतनीस बाई मला म्हणाली, "तुम्ही हात धरा, मी पाय धरते." मी धरले.

"धरू नोका!"

काकाजी इतक्या मोठ्यानं ओरडलेले मी कधी ऐकले नव्हते. माझे हात आपोआप सुटले. डॉक्टरांनीही सुई खाली ठेवली.

बाहेर बाकावर बसल्यावर ते म्हणाले, "माई सुषी एवढीच होती. डाक्टर म्हने, दुधाचा दात, सुई कायले पायजे? चौघानं धरलं तिले. हात म्या धरले होते. पोरगी मायाकडंच पाहून राह्यली होती." त्यांनी खिशातली बॅटरी काढली, परत ठेवली. "त्या दिवसापासून तिनं रस्ता ओलांडतानी बी माया हात नाई धरला."

इतकी वर्षं आम्ही या माणसाच्या बॅटरीला हसत होतो, याची मला लाज वाटली.

पूर्ण भूल द्यायचं ठरलं. भूल देणाऱ्या डॉक्टरांसाठी काकाजींनी वहीत प्रश्न लिहून आणले होते. "उपाशी किती वेळ ठेवाची? वजन पाह्यलं का? जागी होयेपर्यंत तुमी तिच्यापाशीच राहसान ना?" डॉक्टरांनी शांतपणे उत्तरं दिली, काकाजींनी ती लिहून घेतली. ऐकता ऐकता माझीच भीती कमी झाली.

भूल देताना एकालाच आत जाता येणार होतं. मी पुढे झाले, तर मिठी म्हणाली, "मले काकाजी पायजेत." वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

दार अर्धवट उघडं होतं. नाकातोंडावर मास्क, मिठीचे डोळे मिटत आलेले. सिस्टर म्हणाल्या, "काकाजी, आता हात सोडा आणि बाहेर थांबा."

"म्या कुठी धरला, बाई?" काकाजी अगदी हळू म्हणाले. "तिनं धरला हाय."