टपावरचा मुक्काम

आमच्या कॉलनीतले एक गृहस्थ रोज जेवण झालं की हात धुतात, चूळ भरतात, बायकोला आतून कडी लावून घ्यायला सांगतात आणि बाहेर येऊन शिडीनं जीपच्या टपावरच्या तंबूत झोपायला जातात. घरात दोन खोल्या आहेत, दिवाण आहे, कापसाची गादी आहे, पंखाही आहे. बायकोशी भांडण नाही. तरी गेली तीन वर्षं हाच क्रम. मी समोरच राहते, त्यामुळे मला हे रोज पाहावं लागतं, आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचा रागच यायचा. माणसानं आपल्या घरात झोपावं, एवढी माझी साधी समजूत. यंदाच्या उन्हाळ्यात कॉलनीनं तो टपावरचा तंबू हटवण्यासाठी अध्यक्षांकडे अर्ज केला, त्यावर पहिली सही माझी होती.

या गृहस्थांना सगळे नाना म्हणतात. अंकुश नाना. मूळचे जामखेडकडचे, एसटीचे रिटायर ड्रायव्हर. एकतीस वर्षं नोकरी, त्यातली बहुतेक मुक्कामी गाडीवर. म्हणजे संध्याकाळी नगरहून सुटायचं, शेवटच्या गावाला जाऊन थांबायचं आणि सकाळी तीच गाडी घेऊन परत यायचं. उन्हाळ्यात गाडीच्या आत जीव उकडून निघतो, खाली जमिनीवर विंचवाचं भय. म्हणून ड्रायव्हर-कंडक्टर सरळ टपावर अंथरूण टाकत. 'पाशिंजर खाली, ड्रायवर वर,' असं नाना सांगतात, आणि असं सांगतात की तो जणू सरकारी नियमच आहे.

नोकरी सुटली पण गाडी काही डोक्यातून उतरली नाही. चहाला ते डिझेल म्हणतात. लग्नाला निघताना बायकोला 'चला, सुटायचा टाइम झाला' म्हणतात, आणि ती आली नाही तरी दोन मिनिटांनी सुटतात. मग सुमनकाकू मागून पदर सावरत कोपऱ्यापर्यंत चालत जातात, तिथे नाना जीप थांबवून उभे असतात. रस्त्यात थांबलं तर चालतं, पण वेळ चुकलेली त्यांना चालत नाही.

तंबू त्यांना पहिल्यांदा दिसला तो सुप्याजवळच्या एका हॉटेलासमोर. पुण्याचं कुठलंसं जोडपं चहाला थांबलेलं, त्यांच्या गाडीच्या टपावर काळी चपटी पेटी. नानांनी चौकशी केली. त्या बिचाऱ्यांनी हौसेनं पेटी उघडून दाखवली, तर आतून आख्खी खोली उभी राहिली. गादीसकट. नानांनी त्यांना ती तीनदा उघडायला आणि तीनदा मिटायला लावली. दोन महिन्यांत तसलाच एक जुना तंबू पुण्याहून नानांच्या जीपवर येऊन बसला.

कॉलनीला आयतं हसू मिळालं. ज्वारी राखायला शेतात माळा उभारतात, तसा हा नानांचा माळा. येता-जाता कुणीही विचारायचं, काय नाना, पाखरं फार झाली का? नाना गंभीरपणे लई झाल्यात म्हणायचे आणि कामाला लागायचे, कारण तंबूची कामं संपत नसत. ओला असताना मिटायचा नाही, नाहीतर बुरशी धरते. रोज सकाळी सगळे पडदे वर करून दोन तास ऊन द्यायचं. बिजागऱ्यांना तेल, चेनला मेण. कोपरगावला लेकीकडे महिनाभर जायचं झालं की कॉलनीतल्या चार जणांना बोलावून तो टपावरून उतरवायचा आणि मागच्या शेडमध्ये साखळीच्या कप्पीनं आढ्याला टांगायचा. खाली ठेवला तर उंदीर कुरतडतात. आत कडुनिंबाचा पाला. एवढी निगा मी माझ्या शालूचीही घेतली नाही.

एकदा ते माझ्या यजमानांना घेऊन जुन्या मुक्कामाच्या गावाला गेले. हे कॅम्पिंग म्हणून गेले होते, डोंगराच्या कडेला, तळ्याच्या काठी वगैरे त्यांच्या मनात. नानांनी जीप लावली ती गावच्या स्टँडवर, पूर्वी बस जिथे लागायची त्याच कडुनिंबाखाली, तोंड नगरकडे करून. मुक्कामी गाडी आता पुढच्या गावाला थांबते, पण पहाटे साडेपाचला यजमानांनी चेन उघडून पाहिलं तर खाली पाच माणसं पिशव्या घेऊन उभी. नाना ड्रायव्हर आला म्हणजे गाडी आली, अशी बातमी रात्रीच गावभर झालेली. त्यातल्या एका म्हातारीला जामखेडला डोळे दाखवायला जायचं होतं. नाना उतरले, सात मिनिटांत तंबू मिटला आणि सहाच्या ठोक्याला जीप सुटली. यजमान मागच्या फळीवर एका कोंबडीशेजारी बसून जामखेडला गेले. त्यांना तोंड धुवायलाही मिळालं नाही.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग उन्हाळ्यात टँकर यायला लागला. नानांची जीप गल्लीत, घराला लागून उभी असते, आणि उघडलेल्या तंबूचं एक अंग बाहेर येतं. एका सकाळी टँकर मागे घेताना तंबूत अडकला, गल्लीकडची खिडकी टराटरा फाटली. टँकरवाला चिडून पाणी न देताच निघून गेला. दोन दिवस कॉलनीत पाणी नव्हतं. मी धुणं तसंच ठेवून अर्ज लिहायला बसले. अर्जाचं अक्षरही माझंच आहे.

आणि तिसऱ्या दिवशी नाना त्या फाटक्या तंबूचं कापड सोडवून माझ्याच दुकानात घेऊन आले. मी ब्लाऊज शिवते, गाड्यांची सीट कव्हरंही शिवते, जाड कापडाचं मशीन गल्लीत माझ्याकडेच आहे. अर्जाचं त्यांना माहीत होतं. फाटलेली खिडकी कायमची बंद करा म्हणाले, आणि घराकडच्या अंगाला, जिथे सलग कापड होतं, तिथे नवी खिडकी काढा.

मी म्हटलं, नाना, वारा गल्लीकडून येतो, घराकडे तर नुसती भिंत आहे. ते म्हणाले, असू द्या. मी म्हटलं, चांगलं कापड कापायचं माझ्या जिवावर येतं, पाणी गळेल. ते म्हणाले, गळू द्या. मला कारण कळल्याशिवाय कात्री चालवता येत नाही, ही माझी जुनी खोड. मी कात्री खाली ठेवली.

मग त्यांनी सांगितलं. त्या भिंतीतल्या झरोक्यातून निजायच्या खोलीचा दिवा दिसतो. आतापर्यंत तंबूच्या दारातून मान वाकडी करून पाहायचे, आता मानेला कळ येते.

"ही दिवा घालवती, मग अर्ध्या तासानं मी डोळं मिटतो. मधी उठली तर दिवा लागतो. लागला न्हाई म्हंजी झोपली."

मी म्हटलं, एवढी काळजी आहे तर आत झोपा की. नानांनी मशीनचं चाक बोटानं एकदा फिरवलं.

"तिला माझी सवय न्हाई, ताई," ते म्हणाले. "एकतीस वर्सं एकलीच निजली ती. वस्तीवर घर, पोरी लहान, उशाला कोयता. मी रिटायर होऊन घरी आलो, तवा मी कूस बदलली की ही दचकून उठून बसायची. दिवसा पोळ्या लाटताना डुलकी. एकदा तव्यावर हात गेला. इचारलं तर म्हनायची, वयानं झोप कमी झाली. मग मी दोन दिस लेकीकडं गेल्तो. परत आलो तर ही टवटवीत. तवा उमगलं."

"मग तुम्ही त्यांना सांगितलं नाही?"

"काय सांगू? तुला माझ्यापायी झोप लागत न्हाई, म्हनून? तिच्या जिवाला लागंल. मलाच भिंती सोसत न्हाईत, असं सांगून टाकलं. येडा म्हनत्यात, म्हनू द्या. तुमी कुठं बोलू नका."

मी कात्री उचलली आणि कापड कापलं. इतकं नेटकं काम मी आयुष्यात थोड्याच वेळा केलं असेल. आपल्याच हस्ताक्षरातला तो अर्ज डोळ्यांसमोर येत होता आणि लाज वाटत होती, हे लिहून टाकते. दुसऱ्या दिवशी नाना भाजीला गेल्यावर मी टेप घेऊन त्यांचं अंगण मोजलं. शिडी धरून जीप किती लांब होते तेही मोजलं.

रविवारी संध्याकाळी मारुतीच्या पारावर कॉलनीची सभा भरली. अध्यक्ष सज्जन माणूस, त्यांनी नानांना हळूच विचारलं, घरात जागा असताना हा अट्टहास कशासाठी? नाना म्हणाले, मला भिंती सोसत न्हाईत. कुणीतरी हसलं. कुणी डॉक्टरचं नाव सुचवलं, तेही मेंदूच्या. नाना मान खाली घालून ऐकत होते. मी तोंड उघडायला गेले आणि नानांचं 'कुठं बोलू नका' आठवून गप्प बसले. शेवटी नाना उठले आणि म्हणाले, "काढतो. कॉलनीला तरास नको."

"काढू नका," बायकांच्या बाजूनं आवाज आला.

सुमनकाकू उभ्या होत्या. या बाई सभेत कधी बोलल्या नव्हत्या. हळदीकुंकवालासुद्धा बोलत नाहीत.

"ह्यांना घरात चांगली झोप लागती. दुपारी पंख्याखाली घोरत्यात. झोप मला लागत न्हाई. शेजारी मानूस असलं की मला लागत न्हाई, काय करू? ह्ये माझ्यापायी वर निजत्यात, आन तुमी सगळी त्यांना हसता."

नाना त्यांच्याकडे असे पाहत होते की मला दुसरीकडे बघावं लागलं. मग मी उठून टेपची मापं सांगितली. अंगणाची पुढची भिंत आठ फूट पाडली तर जीप शिडीसकट आत मावते आणि गल्ली मोकळी होते. मापाच्या बाबतीत कॉलनी माझं ऐकते. अर्ज मी मागून घेतला आणि तिथेच फाडला.

घरी येताना ती दोघं माझ्यापुढेच चालत होती. नानांनी विचारलं, कवापासून ठाऊक हाय? काकू म्हणाल्या, पहिल्या दिसापासून. पहिल्याच रात्री त्यांना गाढ झोप लागली होती, आणि सकाळी त्या झोपेची लाज वाटली होती. म्हणून तीन वर्षं त्याही गप्प.

"आठवड्यातून एक दिस मातर खाली या," काकू म्हणाल्या. "सुट्टीला यायचात तसं. तेवढी सवय हाय मला."

नाना दहा-बारा पावलं पुढे गेले आणि काकू पोचेपर्यंत थांबले. मग त्यांनी विचारलं, कोणता वार धरू?

"मंगळवार. तुमची सुट्टी मंगळवारचीच असायची."

नानांना ते आठवत नव्हतं.

आता भिंत पडली आहे, जीप आत गेली आहे आणि मंगळवारी तंबू मिटलेला असतो. मागच्या बुधवारी दुपारी काकूंचा शिवलेला ब्लाऊज द्यायला गेले, तर नाना दारात खुर्ची टाकून बसले होते. मला पाहून त्यांनी तोंडावर बोट ठेवलं. काकू आत दिवाणावर गाढ झोपल्या होत्या. आदली आख्खी रात्र त्यांनी जागून काढली असणार. मी ब्लाऊज नानांच्या मांडीवर ठेवला आणि मागे वळले, तेवढ्यात गल्लीत भाजीवाला ओरडत शिरला. नाना उठले आणि अनवाणीच, भर उन्हात, त्याला गप्प करायला धावत गेले.