लोहपंखाची चेन

"मावशी, श्वास सोडलाय मी. ओढा आता!"

कपडेपटातल्या मावशीनं ओढली. पाठीवरची चेन कमरेपासून मानेपर्यंत सरसर गेली आणि तिचा रनर तुटून मावशीच्या चिमटीत आला. सूटच्या आत होता दादा. नऊ वर्षं आणि चार सिनेमे 'लोहपंख' झालेला, आणि कालच कामावरून काढलेला.

"चेहरा बदलतोय," निर्माते साहेब त्याला म्हणाले होते. आता लोहपंखाचं तोंड पहिल्या सिनेमापासून मुखवट्यात. चार सिनेमांत जो चेहरा कुणाच्या बापाला दिसला नाही, तो बदलायचा म्हणे! अकरा वाजता नव्या नटाला हाच सूट घालून पत्रकारांपुढे उभा करणार होते. दादा खोलीतून आपला टॉवेल आणि चपला न्यायला आला आणि म्हणाला, "मावशी, एकदा शेवटचा घालतो."

नाही कशी म्हणणार? पण हो म्हणताना एक गोष्ट तिनं गिळली. नव्याच्या मापानं तिनं कालच सूट कमरेत तीन बोटं आत घेतला होता. माणसाला घराबाहेर काढलं, आणि वर त्याची खाटही तोडून आखूड केली, हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

अडकलेली चेन उघडायला साबण चोळून झाला. मेणबत्ती घासून झाली. पक्कड झाली.

"पोट आत घे रे."

"आतच आहे, मावशी. सूटच बाहेर सोडत नाही."

तेवढ्यात साहेब आले. बघितलं आणि ओरडले, "हा कशाला आत? कापा! मागून टाके घालून उभा करू त्या पोराला."

"नाही कापणार," मावशी म्हणाली. "अकरा महिने याच्या अंगाचा साचा समोर ठेवून एकेक खवला चिकटवलाय मी."

"मी सांगतोय, कापा!"

"तुमची कात्री आणा आणि कापा. ही माझी आहे. कंपनीनं मला आजवर एक सुई दिलेली नाही."

साहेबांचा फोन वाजला. पलीकडे नवा नट. गाडीत बसल्या बसल्या त्यानं करार पहिल्यांदा वाचला होता. सात सिनेमे, बारा वर्षं, केस कापायलासुद्धा कंपनीची परवानगी घ्यायची. तो मध्येच उतरून घरी गेला होता.

साहेब मटकन शिवणाच्या टेबलावर बसले आणि तितक्याच झटक्यात उठले. टाचण्या होत्या. बाहेर पत्रकार टाळ्या वाजवून घाई करत होते. साहेबांनी एकदा दाराकडे बघितलं, एकदा दादाकडे.

"मुखवटा चढव," ते म्हणाले. "आणि तोंडातून शब्द काढायचा नाही."

दादा निघाला. त्याला गंमत वाटली, आणि सूट उतरत नव्हता तो नव्हताच. आवळलेल्या कमरेनं वाकता येईना, म्हणून मंचावर असा ताठ उभा राहिला की कॅमेरे कडकडले.

"वा! याला म्हणतात उभं राहणं!" पुढच्या रांगेतला एक पत्रकार म्हणाला. "जुना म्हणजे नुसता ओंडका होता."

"जीव ओतलाय हो यानं. पहिल्याच दिवशी!" शेजारचा म्हणाला.

पडद्याआड मावशीनं ओठ चावले. एकानं विचारलं, "साहेब, मग जुने का गेले?"

साहेबांनी माइक जवळ ओढला. "थकले हो ते. मन नव्हतं कामात. मला मोकळं करा म्हणून माझे पाय धरले."

नऊ वर्षांत दादानं एक खाडा केला नव्हता. तापात, मुरगळलेल्या पायानं, बाप गेल्याच्या तिसऱ्या दिवशी हा सूट त्यानं घातला होता, आणि प्रत्येक वेळी चेन मावशीनंच लावली होती. मुखवट्याच्या आत त्याची मान खाली गेली. कॅमेऱ्यांना ते दिसलं नाही. मावशीला दिसलं.

ती कात्री घेऊन मंचावर चढली. साहेब "अहो, अहो" म्हणेपर्यंत तिनं मानेपाशी पातं घातलं आणि कमरेपर्यंत कराकरा सूट उभा फाडला. अकरा महिन्यांचं काम, एका दमात. दादाचा कोंडलेला श्वास असा सुटला की माइकमधून शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. त्यानं मुखवटा काढला. "तो जुना मीच," तो म्हणाला.

"म्हणजे... नवा कोण?" ओंडकावाल्यानं हळूच विचारलं.

"हा फितूर झालाय!" साहेब किंचाळले आणि मग एकदम दादाच्या कानाशी लागले, "ऐक, तूच राहा. सात सिनेमे तुझे. लेखी देतो."

"काल काढलंत तुम्ही," दादा माइकमध्येच म्हणाला. "आज सोडतोय मी. दोन्ही छापा."

त्यानं तिथंच सूट उतरवला. बनियन आणि अर्ध्या चड्डीवर, घामानं निथळत, तो ओला गोळा साहेबांच्या हातात दिला.

"घाला तुम्हीच. आत कोण आहे ते कुणाला कळतंय?"

मावशीनं गळ्यातली टेप काढली. साहेबांच्या कमरेवरून सावकाश नजर फिरवली. आणि टेप परत गळ्यात घातली.