गुलाबरावचे दोन खांब

आमच्या शेजारच्या गुलाबरावचं घर टिनाचं, दोन खोल्यांचं. पण अंगणात दोन खांब. गोल, पांढरे, कवेत न मावणारे. त्यांच्यावर ना गच्ची, ना छप्पर.

"कावून उभे केले गा?" मी विचारलं.

"आभाळाले टेकू नोको काय?"

मी त्याला तोंडावर येडा म्हणालो. मागून बोलायची मला सवय नाही.

अमरावतीला इंग्रजाच्या वेळचा एक हॉल आहे. रुंद पायऱ्या, गोल खांबांची रांग, वर दगडी त्रिकोण. आधी तिथं साहेब लोक नाचले, मग पुढारी बोलले, मग लग्नं लागली. गुलाबराव हा इतिहास कोणालाही धरून सांगतो. शेवट ठरलेला: "मंग आमी आलो." आमी म्हणजे तो आणि शांतावहिनी. वहिनींच्या दवाखान्यासाठी दोघं अमरावतीला जायची आणि दुपारी त्या खांबांखाली भाकर खायची.

वहिनी गेल्या आणि याला खांबांचं खूळ लागलं. हॉलचे खांब मधात किंचित फुगीर आहेत. आमच्या गवंड्यानं सरळसोट बांधला तर यानं पाडायला लावला. "या खांबानं श्वास नाई घेतला," म्हणे.

खोटं कशाला बोलू, उन्हाळ्याच्या दुपारी ते खांब मलाही दिसायचे ते पाण्यात उभे असल्यासारखे. गाव निजलेलं, झळा हलताहेत आणि दोन सावल्या अंगणभर सावकाश फिरताहेत. बघता बघता माझाही डोळा लागायचा.

मग पोरानं, संजूनं, गाडी घेतली. ती खांबांमधून आत जाईना.

"बाबा, एक तरी पाडू द्या!"

गुलाबराव जेवला नाही. मग एका सकाळी म्हणाला, "डावा पाड."

"डावाच कावून?" मी विचारलं.

"हॉलात डाव्याले मी टेको, उजव्याले शांता. तिले तेथीच झोप लागे. घरी लागे नाई. म्हणे, असा गार खांब आपल्या घरी पायजे होता."

डावा पडला. गाडी आत आली.

परवा दुपारी गेलो तर गुलाबराव डाव्या खांबाच्या, बाजूला सारलेल्या तुकड्यावर बसलेला. पाठ ताठ, कशाला टेकलेली नाही. उजव्या खांबाची सावली पायाशी.

"अबे, त्या खांबाले टेक ना! पाठ मोडन."

त्यानं ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल गा. झोपली असन थे."

मी चपला हातात घेतल्या आणि घरी आलो.