दशरथमामांचा एकविसावा खिळा

दशरथमामांच्या खिशात कायम एक लिंबू असतं. उन्हासाठी नाही, नजर लागू नये म्हणूनही नाही. कुठंही पातं दिसलं की मामा लिंबू काढतात, टोकावर खुपसतात आणि पातं उलटं धरून मनात आकडे मोजतात. लिंबू पडलं की पातं नापास. मागे आमच्या गावात, डोंगरकड्यात, एका पाहुण्यांचा सत्कार होता. त्यांच्या हातात तलवार दिली, आता फोटो निघणार, तेवढ्यात मामा स्टेजवर चढले. लिंबू लगेच घरंगळलं. "शोभेचीय," मामांनी माईकसमोर जाहीर केलं. मी तिसऱ्या रांगेत होते. ओढणी नाकापर्यंत वर घेतली.

मामा माझ्या आईचे थोरले भाऊ. लग्न केलं नाही. शेळ्या, मेंढ्या आणि काचेचं एक कपाट एवढाच संसार. कपाटात एकवीस खिळे, वीस भरलेले: लोकर कातरायची कात्री, आज्याचा अडकित्ता, तीन तऱ्हांची खुरपी आणि कट्यारी. आसपासचे नवरदेव कट्यार इथूनच नेतात. हळद लागल्यापासून अक्षता पडेपर्यंत ती हातात, टोकाला लिंबू. मामा भाडं घेत नाहीत. अट एकच: "न्यायला कोनीबी या. परत द्यायला जोडीनं यायचं. बसायचं, चहा प्यायचा." वारंगा फाट्याच्या एका नवरदेवानं जीपवाल्याच्या हाती कट्यार परत पाठवली, तर मामांनी त्याच जीपनं ती माघारी धाडली. आठ दिवसांनी जोडी आली. चहा दोनदा झाला.

एकविसाव्या खिळ्यासाठी मामांना जपानी कट्यार हवी होती. मोबाईलवर कुठंतरी दिसली आणि डोक्यात बसली. खरी जुनी मिळणं शक्य नव्हतं, त्यामुळे नक्कल. धार नको, पोलीस पाटलांना विचारून झालं होतं. आणि किंमत? "एका बोकडाच्या वर जायचं न्हाई." खिळे संपले की छंद संपला, हा त्यांचा स्वतःचाच नियम. म्हणजे ही शेवटची निवड. चुकली तर पुन्हा संधी नाही.

इंग्रजी वाचणारी घरात मी एकटी, म्हणून हे काम माझ्यावर आलं. माझं लग्न तीन आठवड्यांवर होतं. सासर नाशिकचं. घर बायकांनी भरलेलं, जी ती माझी हनुवटी धरून विचारायची, "खूश हाईस ना, मयू?" मी मान हलवायचे. मामांच्या ओसरीवर कुणी काही विचारत नव्हतं. तिथं फक्त पाती होती.

पहिल्या दिवशी मी मोबाईलवर विक्रीची पानंच्या पानं वाचून दाखवली. मुठीवर ड्रॅगन असलेली काळी कट्यार: "जत्रंतली हाय." घड्या घालून ठोकलेल्या पोलादाची, सोबत प्रमाणपत्र: "दोन बोकडं जातेत." एक हलक्या मिश्र धातूची होती. ती ऐकून मामा नुसते शेळीकडे बघत बसले. शेवटी एक साधी, आखूड कट्यार निघाली. मूठ आणि म्यान कोऱ्या लाकडाचं.

"कमरंला खोचता येईल का?" मामांनी विचारलं.

"कपाटातच तर ठेवायचीय ना?"

"तू वाच."

वाचून भागेना. विकणाऱ्याला फोन करायचा होता. अनोळखी माणसाशी बोलायचं म्हटलं की माझे तळहात ओले होतात. चुकीचं विचारलं, चुकीचं ऐकलं आणि मामांचा शेवटचा खिळा वाया गेला तर? मामा माझ्या कानाला कान लावून बसले.

"इचार, पातं मुठीत कुठवर गेलंय? खुरप्याची मूठ निघाली की बोट जातंय."

मी इंग्रजीत विचारलं. पातं मुठीत शेवटपर्यंत गेलं होतं.

"म्यान उलटं केलं तं सुटून पडतंय का?"

पडत नव्हतं.

"आता इचार, लिंबू राहील का?"

मी फोनवर हात ठेवला. "मामा, हे कसं विचारू?"

"काहून? इंग्रजीत लिंबू नसतंय?"

विचारलं. पलीकडचा माणूस म्हणाला, "मॅडम, लिंबू कापायचं आहे का?"

"नाही. टोचून..." मामांनी बोटांनी खुणावलं. "दीड दिवस ठेवायचंय."

 मग फ्रिजचं दार उघडल्याचा आवाज आला.  थोड्या वेळानं तो माणूस आला, आवाजात चक्क आनंद. "राहिलं, मॅडम!"

"हालवून बघ म्हनावं," मामा म्हणाले.

मागवली. मामांनी एकच धोशा लावला: लग्नाच्या आधी आली पाहिजे. का, ते सांगेनात. कुरिअर फाट्यापर्यंतच येतं. हळदीच्या आदल्या दिवशी मामा सकाळपासून फाट्यावरच्या टायरच्या दुकानात बसले आणि हात हलवत परतले. हळदीच्या दिवशी पुन्हा गेले. आई तणतणत होती, "नवरीचा मामा फाट्यावर बसून राहिला! मांडवात कोनी बघायचं?" दुपार झाली. जात्यापाशी बायका हळद दळायला बसल्या, तरी मामांचा पत्ता नाही. मला मांडवापेक्षा त्या खोक्याचीच धास्ती लागली होती.

चार वाजता मामा मागच्या दारानं आले. खोकं फोडलं.  म्यान काढलं, लिंबू खुपसलं, पातं उलटं धरलं. मामा मोजत होते, मीही मोजत होते. लिंबू हललं नाही.

"पास," मामा म्हणाले.

"चला, खिळ्याला लावू."

मामा जागचे हलले नाहीत. "पैल्याच दिवशी तू वाचलं व्हतंस. तिकडं जपानात नवरीच्या कमरंला असती म्हून."

वाचलं होतं. घाईत, पुढं जाण्यासाठी.

"आपल्यात पोराच्या हातात देतेत. त्याला कशाची भीती? घर सोडून तं पोरगी जाती." त्यांनी कट्यार म्यान करून माझ्या हातात ठेवली. "धार न्हाई तिला. नुसती जवळ असू दे."

माझे तळहात ओलेच होते. मूठ निसटली नाही.

"आणि खिळा?"

"ऱ्हाऊ दे रिकामा."

"मग अट?"

"तीच. परत द्यायला जोडीनं यायचं. बसायचं, चहा प्यायचा."

"दिली की संपलं?"

मामांनी लिंबू कुडत्याला पुसलं, खिशात टाकलं. माझ्याकडं न बघता म्हणाले, "संपतंय कसं? जाताना संगं घेऊन जायची. म्हंजी पुढल्या खेपंला परत आनून द्यायला येशील."