तपासनिसांचा मासा

रविवारी सकाळी तपासनिसांनी जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून कपाटाच्या दारावर चिकटवलं आणि त्यावर पेन्सिलीने एक मोठा मासा काढला. मासा म्हणजे नुसता सांगाडा: डोकं, कणा आणि काटे. डोक्यात ठसठशीत अक्षरांत लिहिलं, ‘नोकरी नाही’. नोकरी नव्हती ती त्यांच्या मुलीला. पदवी हातात येऊन दोन वर्षं झाली होती, बावीस अर्ज झाले होते, आणि घरात तो विषय निघाला की प्रत्येकाला एकदम तहान लागायची.

तपासनीस नटबोल्टच्या कारखान्यात माल तपासायचे. तिथे बोल्ट वाकडा निघाला की असा मासा काढतात. डोक्यात बिघाड लिहायचा, काट्यांवर कारणं, आणि एकेका कारणाला ‘का?’ विचारत मुळाशी जायचं. तीस वर्षं त्यांना मूळ सापडत आलं होतं. मग स्वतःच्या पोरीच्या बाबतीत का सापडू नये, असं त्यांना मनापासून वाटलं. नको ते वाटलं, पण वाटलं खरं.

“कच्चा माल?” पहिलाच काटा वाचून बायको कडाडली. “अहो, पोटची पोर आहे ती!”

“कारखान्यात तसंच लिहितात.”

“मग कारखान्यातच ठेवा तुमचा मासा!” ती तरातरा आत गेली. पाच मिनिटांनी हात पुसत बाहेर येऊन म्हणाली, “इंटरव्ह्यूत फार हळू बोलते ती. तेवढं लिहा.”

तेवढं लिहिलं. मग आत्या आली. तिला कारणं विचारावी लागत नाहीत, ती घेऊनच फिरते.

“बूट! असले बूट घालून गेल्यावर कोण उभं करणार आहे तिला?”

बूट लिहिले. मग हस्ताक्षर, मग कॉलेज, मग दुपारची झोप. शेजारच्या मास्तरांनी दारातूनच इंग्रजी घातलं. कागद पुरेना म्हणून आणखी एक महिना जोडला. बारा वाजेपर्यंत माशाला एकतीस काटे झाले, आणि त्यांतले एकोणतीस थेट मुलीलाच टोचणारे होते.

मुलगी लायब्ररीतून आली. चप्पल काढता काढता तिने मासा पाहिला आणि उभ्या उभ्या सगळा वाचला. बिचारी! रडली असती तरी चाललं असतं. ती हसली.

“बाबा, काट्यावर माणूस लिहायचा नाही, पद्धत लिहायची, असं तुम्हीच सांगता ना?”

“तुझं नाव कुठे लिहिलंय?”

“बाकी काय लिहिलंय?”

तपासनीस चपापले. त्यांनी खोडरबर हातात घेतलं. “बरं, तूच सांग. शेवटच्या ठिकाणी का नाही झालं?”

“जाऊ दे ना, बाबा.”

“जाऊ दे कसं? का नाही झालं?”

“जागा नव्हती.”

“मुलाखत घेतली आणि जागा नव्हती? का?”

“मी पहिली आले होते. पण जागा रिकामीच झाली नाही.”

“का?”

“तिथले गृहस्थ निवृत्त होणार होते. त्यांनी मुदतवाढ घेतली.”

तपासनीस भडकले. “बघा! साठी झाली तरी खुर्ची सुटत नाही लोकांना! लाज कशी वाटत नाही? का घेतली त्याने मुदतवाढ?”

मुलगी पिशवीतून पुस्तकं काढू लागली.

“अगं, का घेतली?”

“त्यांच्या मुलीला नोकरी नाही म्हणून,” ती म्हणाली.

आत्या आपल्या चपला शोधू लागली. मागच्याच महिन्यात तपासनिसांनी साहेबांपुढे हात जोडून दोन वर्षांची मुदतवाढ मिळवली होती.

“आमच्याकडे अर्ज केलास? मला न सांगता?”

“वशिला लावला म्हणाले असते लोक. म्हणून परस्पर हेड ऑफिसला केला. आणि नकाराचं पत्र दाखवलं असतं, तर तुम्ही काहीतरी वेड्यासारखं करून बसला असता.”

सोमवारी त्यांनी तेच केलं. बायकोच्या कानावर घालून ते घराबाहेर पडले आणि साहेबांच्या टेबलावर राजीनामा ठेवला.

“मोठं मन लागतं हो याला,” साहेब गहिवरले. “तुम्हाला कसं सांगावं तेच मला कळत नव्हतं. तपासणीला आता मशीन येतंय. तुमची जागाच रद्द झालीय.”

“रद्द? म्हणजे नवीन कुणाला...?”

“छे, कुणालाच नाही.” बोलता बोलता साहेबांनी मंजुरीची सहीही ठोकली.

तपासनीस दुपारी घरी आले. मुलगी टेबलाशी बसून अर्ज लिहीत होती आणि चक्क गुणगुणत होती. दोन वर्षांत या घराने ते ऐकलं नव्हतं. बायको दाराआडून डोळे पुसत ते ऐकत उभी होती.

“आईने सांगितलं मला,” मुलगी म्हणाली. तिचं पेन थांबलं नाही. “असं नव्हतं करायचं, बाबा. आता मात्र मलाच बोलावतील ना? कुठे चुकलंय का, बघा जरा.”

सांगायला हवं होतं. त्यांनी तोंड उघडलंही. मग तिच्याकडे पाहिलं, खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला आणि ओळीओळीवर बोट फिरवत तो अर्ज तीनदा तपासला.

“एकही चूक नाही,” ते म्हणाले.