पालागाबाई करेलीकर यांची जयंती

चार माणसं एका जागी उभी दिसली की गुंडेतात्या खोकायचे.

तो खोकला छातीतला नव्हता, भाषणाचा होता. पहिला खोकला म्हणजे इकडे बघा, दुसरा म्हणजे बसून घ्या, आणि तिसऱ्यानंतर 'सज्जनहो' यायचं. परंड्याची माणसं सरावलेली होती. पहिल्या खोकल्यालाच ती पांगायची. मग म्हातारी माणसं आणि खुंट्याला बांधलेली जनावरं तेवढी सापडायची.

तात्या बारशाला बोलत. कुणी म्हैस विकली तर तिच्या जुन्या आणि नव्या मालकांना उद्देशून बोलत. जेवताना "सज्जनहो, मीठ इकडं येऊ द्या" असं म्हणत, आणि ते घरात अंबूकाकूंखेरीज कुणी नसतानाही म्हणत, असं माझी आई सांगायची. अंबूकाकू तात्यांच्या पत्नी. मी हैदराबादला मडमांच्या शाळेत शिकायला गेले तेव्हा त्या होत्या, शिक्षण संपवून परत आले तेव्हा नव्हत्या. त्यांचा आवाज मला आठवतच नाही. त्या घराच्या वाट्याला आलेला सगळा आवाज एकट्या तात्यांनीच वापरला असावा.

तात्या अर्जनवीस होते. तेव्हा आमच्याकडे निजामाचं राज्य आणि कचेरीचा सगळा कारभार उर्दूतून. तहसीलसमोरच्या लिंबाखाली घोंगडी टाकून तात्या लोकांची गाऱ्हाणी सुरेख उर्दूत उतरवून द्यायचे. अर्ज मात्र आखूड लिहावा लागे. लांब अर्ज साहेब वाचत नसत.

"दिवसभर लोकांची दुःखं चार ओळीत बसवायची," तात्या मला म्हणायचे. "उरलेले शब्द जातात कुठं, मिसबाबा? हितं." आणि ते पोटावर हात ठेवायचे. "बाहेर यायला नगं का ते?"

मिसबाबा म्हणजे मी. मी घरी आले त्याच आठवड्यात त्यांनी मला हेरलं. मी बोलत नसे. जो बोलत नाही तो ऐकत असतो, असा लोकांचा समज असतो, आणि तात्यांचा तर तो धर्मच होता.

घोंगडीवरच्या, ओसरीवरच्या भाषणांनी त्यांचं समाधान होत नसे. त्यांना खरी सभा हवी होती. जाजम, टेबल, तांब्या-भांडं, तसबिरीला हार, अध्यक्ष, आणि समोर उठून न जाणारी माणसं. पण त्या दिवसांत सभेला पोलिसांची परवानगी लागे आणि ती मिळत नसे. तात्या कायदा पाळणारे. ते रीतसर अर्ज करायचे, अर्ज रीतसर नामंजूर व्हायचा. पुढाऱ्यांच्या जयंत्यांची तर बातच नको. 'दातांची निगा' हा विषयही नामंजूर झाला, कारण दात कुणाला दाखवायचे आहेत ते अर्जात लिहिलं नव्हतं. 'गुळाचे फायदे' नामंजूर झाला. गूळ बार्शीकडून, म्हणजे इंग्रजांच्या हद्दीतून यायचा, तेव्हा विषय परराष्ट्राचा ठरला.

एका दुपारी मी आमच्या ओसरीवर वाचत बसले होते आणि तात्या समोर घोंगडी टाकून बसले होते. शिवणकामात पहिली आले म्हणून मला शाळेत एक जाड इंग्रजी पुस्तक बक्षीस मिळालं होतं. उत्तरेकडच्या थंड मुलखांतल्या नामवंतांची त्यात माहिती होती. शिवणकामाचा आणि त्यांचा काय संबंध, हे मडमांना विचारायचं धाडस मला झालं नव्हतं.

"कुठला मुलूख?" तात्यांनी विचारलं.

"करेलिया."

"कुणाच्या अमलात?"

मी नकाशा दाखवला. अर्धा एका राज्यात, अर्धा दुसऱ्या.

"आँ!" तात्या घोंगडी सरकवून जवळ आले. "घर हिकडं, शेत तिकडं, मधी नाका. हे परंडाच हाय की! वाचा, वाचा."

मी वाचत गेले आणि मराठीत सांगत गेले. एकही खिळा न वापरता उंच लाकडी देवळं उभारणारा करेलियाचा सुतार. ("खिळ्याचा भाव वाढला आसंल," तात्या.) पायाला फळ्या बांधून बर्फावरून पळणारा हुओती नावाचा गडी, ज्याला कुणी हरवू शकलं नाही. मांडीवर तारांचं वाद्य घेऊन वाजवणारा आंधळा वादक. आणि पालागा नावाची एक गरीब म्हातारी. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण गाणी इतकी पाठ होती, की एक विद्वान लांबून तिच्या दारात आला, उतरवून घेत बसला आणि त्याचा कागद संपला. लग्नाची गाणी, रडायची गाणी, पाळण्याची, नवऱ्याला टोमणे मारायची.

"टोमण्याची बी?"

"हो, तसं लिहिलंय."

"आनि ती गायची तवा घरात कोन ऐकायचं?"

मी पान उलटून पाहिलं. "ते पुस्तकात नाही."

तात्यांनी पुस्तक माझ्या हातातून घेतलं आणि इंग्रजी येत नसताना तेच पान स्वतः उलटून-पालटून पाहिलं. मला वाटलं, त्यांना उन्हाचा त्रास झाला. मग ते एकदम उठले. "मिसबाबा, ह्या बाईची जयंती करू."

"जन्मतारीख दिलेली नाही."

"मग आपल्या सोयीनं जन्मल्या असं समजू."

पुढचं अमीनसाहेबांसमोर घडलं. अमीनसाहेब म्हणजे आमच्या ठाण्याचे फौजदार. तात्यांनी आमच्या ओसरीवर दोन्ही आवाजांत ते करून दाखवलं.

"ये पालागाबाई करेलीकर कौन है?"

"गानेवाली, हुजूर. बहुत गरीब."

"मुल्की या गैरमुल्की?"

संस्थानातल्या माणसाला मुल्की म्हणत आणि बाहेरच्याला गैरमुल्की. नोकरीपासून भांडणापर्यंत सगळं यावर ठरे.

"सौ टका गैरमुल्की, हुजूर."

"किसी जलसे-जुलूस में थी?"

"उधर बर्फ होती है हुजूर, जुलूस घसरता है."

"जिंदा है?"

"नहीं."

अमीनसाहेबांना हरकत घ्यायला जागाच सापडेना. त्यांनी परवानगी दिली, पण एक अट घातली. ते स्वतः समोर बसतील, आणि सियासी, म्हणजे राजकारणाचा, शब्द एक जरी आला तरी तात्यांची अर्जनवीशीची सनद जप्त.

माझे वडील वकील. ते काळजीत पडले. "गुंडेराव, सनद गेली तर खाल काय? जिभेला जपा."

"वकीलसाहेब, माझा शब्द लांब जाईल, वाकडा जायचा न्हाय."

गावाचा मात्र यावर विश्वास नव्हता. तात्यांनी सरकारला काय बनवलंय, म्हणत जो तो दुसऱ्याला डोळा मारू लागला. पालागाबाई ही नुसती झूल, आत खरं भाषण वेगळंच आहे, हे सगळ्यांनी ठरवून टाकलं. मला खरं माहीत होतं. तात्या रोज येऊन पालागाबाईंचं तेच पान पुन्हा वाचायला लावत, आणि दर वेळी तोच प्रश्न विचारत. पुस्तकात उत्तर उगवलं असेल अशी त्यांना आशा असावी. पण मला विचारलं कुणी नाही, आणि न विचारता सांगायची मला सवय नव्हती.

तसबिरीची अडचण आली. पुस्तकात पालागाबाईंचं चित्र नव्हतं. तात्यांनी घरातून बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आणला. त्याच्यावर टोपीवाली गोरी मडम होती. आत अंबूकाकूंचे सुई-दोरे होते. ते तसेच ठेवून डब्याला हार घातला.

सभा किल्ल्याजवळच्या पटांगणात, दुपार कलल्यावर झाली. बाजाराचा दिवस होता, त्यामुळे गर्दी लोटली. पुढे पोरं होती, ती बिस्किटांसाठी. मग गडी माणसं. बायका बाजूला, बांगड्यावाल्या फातिमाबींच्या दुकानाच्या पडवीत पडद्याआड. मीही तिथंच होते, आईच्या मागे. अमीनसाहेब खुर्चीत, हातात पेन्सिल. शेजारी शिपाई.

तात्या टेबलामागे उभे राहिले. तीनदा खोकले. आयुष्यात पहिल्यांदा कुणी पांगलं नाही. त्यामुळे ते जरा बावचळले आणि चौथ्यांदा खोकले.

"सज्जनहो! बर्फ म्हंजे काय? आभाळातून जवारीचं पीठ पडतंय असं समजा."

"मग तिथं दुष्काळ कसला?" मागून कुणीतरी.

"खायला गेलं की पाणी हुतंय."

"बर्फ म्हंजे सरकार," पडद्यापलीकडं एक तरुण दुसऱ्याच्या कानात म्हणाला. "पाणी हुनार म्हंतोय!"

"आनि पीठ?"

"गप. पीठ म्हंजे आपन."

तात्या बोलत राहिले. पालागाबाईंची झोपडी, त्यांची गाय, त्यांचा खोकला. यातलं पुस्तकात काही नव्हतं. पालागाबाईंना त्यांनी ज्वारीची भाकरी खायला घातली, दोनदा नांदायला पाठवलं, एकदा नाक्यावर जकातदाराशी भांडायला लावलं. जकातदार म्हटल्यावर अमीनसाहेबांची पेन्सिल उठली. शिपायानं विचारलं, "कौन से नाके पर?" तात्या म्हणाले, "बर्फ के." पेन्सिल खाली आली. माझ्या वडिलांनी उपरण्यानं कपाळ पुसलं.

"बाई अडाणी! घरात कुनी ध्यान देत नव्हतं. पन गाणी? कनगी भरून! आनि मग योक परका मानूस तिच्या दारात आला. बसला. म्हनला, बाई, गा. मी ऐकतो. तवा घरच्यांना कळलं, की आपल्या घरात येवढं..."

तात्या थांबले.

"आता बोलनार बघ," तो तरुण म्हणाला. पेन्सिल पुन्हा उठली.

तात्यांनी एकदा खोकून पाहिलं. 'सज्जनहो' काही आलं नाही. ते हार घातलेल्या डब्याकडे बघत होते.

"आमच्या घरी बी योक हुती," ते म्हणाले. मोठ्यानं नाही. पुढच्या पोरांनाही कान द्यावा लागला. "दळताना कायतरी म्हनायची. मी तवा भाषणाची तयारी करायचो. मोठ्यानं. मला तिची योक ओळ ठावं न्हाय."

सरकार कुठं आहे, पीठ कुठं आहे, कुणाला काही लागेना.

तात्या पडद्याकडं वळले. "बायांनो, तुमच्यात कुनाला ठावं हाय का?"

पडवीत बांगड्या किणकिणल्या. फातिमाबी अंबूकाकूंची शेजारीण, दोघींचं जातं एक. त्यांनी तोंडातलं पान गालात सरकवलं.

"ठावं हाय की. पन तात्याभाऊ, तुमास्नी राग येईल."

"न्हाय येनार."

"तुमच्यावरच हाय सगळं."

गर्दीत पहिलं हसू फुटलं. "म्हना, म्हना, खाला!" सगळीकडून आवाज आले. फातिमाबींनी "या अल्ला, मर्दांसमोर" असं पुटपुटत पदर पुढं ओढला, आणि बसल्या जागेवरून, पडद्यामागून, सूर लावला.

"बोलतो गं माझा राया, बोलतो गं बाजाराला,
ऐकाया कुनी न्हाय, सांगतो गं रांजनाला."

पटांगण हसून लोळलं. अमीनसाहेब शिपायाकडं झुकले, "क्या बोली?"

"साब, बोलती है, इसका मुँह बंद नहीं होता."

"ये तो सही है," अमीनसाहेब म्हणाले आणि पेन्सिल खिशात ठेवली.

दुसऱ्या ओवीला पडवीतल्या बाया फातिमाबींच्या सुरात मिसळल्या. माझी आईसुद्धा. सगळ्या गल्लीला ते पाठ होतं.

"सरली जात्यात जवारी, सरली दिव्याची गं वात,
सरंना गं, सये, माझ्या धन्याच्या तोंडची बात."

तात्याही हसत होते. हसताना त्यांची टोपी वाकडी झाली होती आणि ती सरळ करायचं त्यांना भान नव्हतं.

"अजून योक हाय," फातिमाबी म्हणाल्या. "ही ती शेवटाला म्हनायची. जातं थांबवून."

"बोलू द्या गं बोलक्याला, कुनी म्हनू नगा पुरं,
घटकाभर गप ऱ्हाता, जिवाला गं हुरहुरं."

या वेळी कुणी हसलं नाही. एक पोरगं बिस्किटं कधी मिळणार म्हणून विचारत होतं, त्याला कुणीतरी मांडीवर ओढून घेतलं.

तात्या टेबलामागून बाहेर आले. टोपी काढून त्यांनी डब्याशेजारी ठेवली. मग जाजमावर, अमीनसाहेबांच्या खुर्चीच्या पायाशी, पोरांच्या मधे मांडी घालून बसले.

"तात्या, भाषण राह्यलं की," मागून तो तरुण ओरडला. "आनि आभार?"

तात्यांनी ओठांवर बोट ठेवलं. पडद्याकडं तोंड केलं, हात मांडीवर घेतले.

"आनि?" ते म्हणाले.