बिनचूक मेंडोलिन

एका जंगलात, बरं का बाळांनो, टकटकराव नावाचे एक सुतारपक्षी राहत होते. त्यांच्या पत्नीचं नाव सगुणाबाई. टकटकराव मेंडोलिन बनवायचे. वर्षाला एक. फार तर दीड.

आधी ते फळीवर चोचीनं टक् टक् करायचे. मग कान लावून ऐकायचे.

"ही अजून झोपेत आहे गं," असं म्हणून फळी पुन्हा सावलीत ठेवून द्यायचे.

"तुमच्या फळ्या कुंभकर्णाच्या माहेरच्या दिसतात," सगुणाबाई म्हणायच्या. पण मनातून त्यांना कौतुकच होतं. कारण फळ्या पुऱ्या जाग्या झाल्या की त्यांतून गोल पोटाचं, आठ तारांचं असं मेंडोलिन व्हायचं, की तार छेडल्यावर झाडावरची पानंसुद्धा वळून बघायची.

पलीकडच्या टेकडीवर कोल्हेसाहेबांचा कारखाना होता. तिथे यंत्रातून दिवसाला शंभर मेंडोलिनं पडायची, पापडांसारखी. प्रत्येकावर चिठ्ठी असायची : 'अस्सल हातकाम'.

एके दिवशी वनराजांचा हुकूम निघाला. हातकामाच्या नावाखाली फार फसवाफसवी चालते. यापुढे ज्याच्या वस्तूवर हातकाम तपासणाऱ्या समितीचा शिक्का असेल, त्यालाच जंगलात विकता येईल आणि वसंताच्या जत्रेत दुकान मांडता येईल.

"बरं झालं बाई," सगुणाबाई म्हणाल्या, "आता खऱ्याला दिवस आले."

समितीचे अध्यक्ष होते अस्वलसाहेब. ते भिंग घेऊन आले. त्यांनी मेंडोलिन उलटं केलं, सुलटं केलं, भोकातून आत नाक घालून पाहिलं. मग मान हलवली.

"टकटकराव, यात चूक कुठे आहे?"

"चूक नाही साहेब."

"मग हे हातकाम कसं? नियमच आहे, हातानं केलेल्या वस्तूत एक तरी चूक असतेच. कोल्हेसाहेबांचा माल बघा. प्रत्येक मेंडोलिनवर डाव्या बाजूला एक ओरखडा. शंभरच्या शंभरांवर, अगदी एकाच जागी! याला म्हणतात हात बसणं."

"अहो, एकदा वाजवून तरी बघा," सगुणाबाई म्हणाल्या.

"वहिनी, अर्जात वाजवण्याचा रकाना नाही." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि खरं सांगू? यांना हात तरी कुठे आहेत?"

आजपासून पाचव्या मंगळवारी शेवटची तपासणी, असं सांगून ते निघून गेले.

थोड्या वेळानं कोल्हेसाहेब आले. फार गोड बोलले.

"मनाला लावून घेऊ नका, टकटकराव. शिक्का नाही मिळाला तर सरळ माझ्याकडे या. मेंडोलिनच्या पोटाला भोकं पाडायला मला टणक चोच हवीच आहे. दिवसाला शंभर भोकं. कान लावायची दगदगच नाही."

त्या दिवशी टकटकराव जेवले नाहीत.

"अगं, एक ओरखडा काढू का?" त्यांनी विचारलं. चोच उचलली. मेंडोलिनपर्यंत नेली. त्यांनी ती खाली ठेवली. "नाही गं होत माझ्यानं."

"नकाच काढू," सगुणाबाई म्हणाल्या. "मी वनदेवीचे पाच मंगळवार धरते."

आणि धरले हो! कडक धरले. आंबट वर्ज्य. लाल मुंग्या आंबट असतात ना, म्हणून त्यांना चोचसुद्धा लावली नाही. रोज देवीपुढे एकच मागणं : "आई, यांचं कान लावून ऐकणं बंद पाडू नकोस. शिक्का मिळाला की मेंडोलिन आधी तुझ्यापुढे वाजवू."

पाचवा मंगळवार उजाडला. टकटकरावांनी मेंडोलिनला लाखेच्या रोगणाचा शेवटचा हात दिला आणि ते अस्वलसाहेबांना आणायला गेले. इकडे सगुणाबाईंनी पूजा केली, गूळखोबऱ्याचा नैवेद्य दाखवला. देवीला हळदीकुंकू वाहिलं. मग शेजारी ठेवलेलं मेंडोलिन दिसलं. घरात नवी वस्तू, आणि तिला कुंकू नको? त्यांनी भक्तिभावानं पंखाचं टोक टेकवलं.

रोगण ओलं होतं!

कुंकू चिकटून बसलं. सगुणाबाईंनी घाईघाईनं पुसलं, तर ते आणखी पसरलं. तेवढ्यात दारात पावलं वाजली.

"अहो..." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "माझ्या हातून काय झालं हे! मीच घालवलं सगळं."

टकटकरावांनी डाग पाहिला. मग सगुणाबाईंकडे पाहिलं. "असू दे गं," ते हळूच म्हणाले. "भोकं पाडीन."

अस्वलसाहेब भिंग लावून वाकले, आणि एकदम ओरडले, "चूक!"

"हो साहेब," सगुणाबाई हुंदका देत म्हणाल्या.

"आणि काय देखणी चूक! वेडीवाकडी, पुसायला जाऊन वाढवलेली! यंत्राच्या बापाला जमायची नाही!"

त्यांनी धाडकन शिक्का मारला. तोही ओल्या रोगणात रुतला. आता चुका दोन झाल्या.

नवस फेडायला नको का? टकटकरावांनी तिथेच देवीपुढे मेंडोलिन छेडलं. निघालेले अस्वलसाहेब दारात थबकले. भिंगानंच डोळे टिपत म्हणाले, "वाजतंसुद्धा की हो छान! पण हे लिहू कुठे?"

जत्रेत टकटकरावांच्या दुकानापुढे रांग लागली. जो तो विचारी, "डाग कुठाय, डाग?" आठवड्याभरात कोल्हेसाहेबांच्या शंभर मेंडोलिनांवर शंभर लाल डाग आले, अगदी एकाच जागी.

"चोरलाच की गं तुझा डाग," टकटकराव म्हणाले.

"चोरू देत," सगुणाबाई हसल्या. "तेवढंच देवीचं कुंकू शंभर घरी पोचलं."

टकटकरावांनी नवी फळी घेतली. टक् टक् केलं. कान लावला.

"झोपेत आहे गं."

तात्पर्य : बाळांनो, काम इतकं चोख करावं की नाव ठेवायला जागा उरू नये. आणि तपासणीला साहेब यायच्या आत ती जागा आठवणीनं करून ठेवावी.